दफ्तराला नवी डिस्क जोडताना

बीड जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या अमलाखाली होता, आणि त्या अमदानीत येथील महसुली कारभार उर्दू भाषा व मोडी लिपी यांच्या आधाराने चालत असल्यामुळे जिल्ह्याच्या दफ्तरांतून आजही असे असंख्य कागद आढळतात की जे वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत आणि ज्यांचा कागदही दरवर्षी अधिक ठिसूळ होत आहे. मुंतखब, इनामांच्या फर्दी, पाहणी पत्रके, आणि संस्थान विलीन झाल्यावरच्या पहिल्या दशकातील खासरा पत्रके हे सारे कोणाच्या तरी जमिनीचा, वारसाचा अथवा जातीच्या नोंदीचा एकमेव पुरावा असू शकतात. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, आणि तिच्या कामानिमित्त मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा वर्षानुवर्षे बांधून ठेवलेले रुमाल सोडले गेले, मोडी व उर्दू जाणणाऱ्यांना बोलावणी गेली, आणि सापडलेल्या कागदांच्या प्रतिमा घेऊन त्या संगणकात साठविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. अशाच स्वरूपाचे काम लहान प्रमाणावर महाविद्यालये, जुनी ग्रंथालये, देवस्थाने आणि सहकारी संस्थाही आपापल्या कागदांसाठी आज करीत आहेत, व पुढेही त्यांना ते करावे लागणार आहे.

या कामात कागद उलगडणाऱ्याची आणि स्कॅन करणाऱ्याची मेहनत सर्वांना दिसते. परंतु ज्या डिस्कवर त्या प्रतिमा जाऊन पडतात ती डिस्क सर्व्हरला कोणी जोडली, कशी जोडली आणि त्याची नोंद कोठे केली, याकडे बहुधा कोणाचेच लक्ष नसते. तालुक्याच्या ठिकाणी हे काम महाविद्यालयातील संगणक विषयाच्या शिक्षकाकडे, किंवा कचेरीतील ज्या तरुण कारकुनाला ‘संगणकातले कळते’ असा लौकिक असतो त्याच्याकडे येते, आणि ‘नवी डिस्क आली आहे, लावून टाका’ एवढ्याच शब्दांत ते त्याच्या हवाली केले जाते. हा लेख त्या व्यक्तीसाठी आहे. सर्व्हर लिनक्सचा आहे, त्यावर रूटचे अधिकार आपणास मिळालेले आहेत, आणि डिस्क यंत्रात बसवून झाली आहे, एवढे गृहीत धरून मी पुढे लिहीत आहे. आज्ञांची नावे येथे देवनागरीत त्यांच्या उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीच्या लहान अक्षरांत टंकावयाची आहेत.

प्रथम मूळ कल्पना स्पष्ट करून घेऊ. कोरी डिस्क म्हणजे क्रमांक दिलेल्या ठोकळ्यांची एक प्रचंड लांब रांग होय. कोणत्या ठोकळ्यांत कोणत्या फाइलीचा कोणता भाग आहे, ती फाइल कोणाच्या मालकीची, तिला हात लावण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणते ठोकळे अद्याप मोकळे आहेत, याचे ज्ञान त्या डिस्कला मुळीच नसते. कचेरीच्या अभिलेख कक्षात फडताळांना व रुमालांना क्रमांक घातलेले असतात आणि दाराशी एक नोंदवही असते, ती नसेल तर कागद जागेवर असूनही सापडत नाही; फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवरची ती क्रमवारी आणि ती नोंदवही. फॉरमॅट करणे म्हणजे ही नोंदवही नव्याने, कोरी मांडणे. ज्या डिस्कवर आधीच काही नोंदलेले होते तिच्यावर ही कोरी नोंदवही मांडली गेली की जुन्या फाइलींचा माग सुटतो, आणि या लेखातील सगळी सावधगिरी याच एका धोक्यापोटी आहे. उरली माउंट करण्याची क्रिया. लिनक्समध्ये प्रत्येक डिस्कला निराळे अक्षर देण्याची रीत नसून सर्व डिरेक्टरींचा एकच वृक्ष असतो, आणि नवी फाइल सिस्टिम त्या वृक्षातील एखाद्या रिकाम्या डिरेक्टरीवर आणून जोडावी लागते. त्यानंतर त्या डिरेक्टरीत ठेवलेले सर्व काही नव्या डिस्कवर जाते.

डिस्क केवढी असावी याचा हिशेब मागणीपत्र लिहिण्यापूर्वीच करावा. ए-4 आकाराचा कागद 300 डीपीआय या घनतेने रंगीत स्कॅन केला तर त्याची प्रतिमा 2480 बाय 3508 बिंदूंची होते, आणि प्रत्येक बिंदूस 3 बाइट याप्रमाणे, कोणतेही संकोचन न करता, ती सुमारे 26 मेगाबाइट जागा व्यापते. म्हणजे अशा एक लाख पानांस 2.6 टेराबाइट लागतात. मूळ प्रत अशीच संकोचन न करता ठेवावी आणि लोकांना दाखविण्यासाठी जेपेगची हलकी प्रत वेगळी काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण मोडीतील एखादा पुसट काना किंवा उर्दूतील एखादा नुक्ता जेपेगच्या संकोचनात विरून गेला, तर तो परत आणण्यास मूळ कागद पुढील पिढीपर्यंत टिकेलच असे नाही. दुसरी गोष्ट अशी की डिस्क विकणारा दशमान पद्धतीने मोजतो आणि लिनक्सची साधने पुष्कळदा 1024 च्या पटीत मोजतात, त्यामुळे खोक्यावर 4 टेराबाइट छापलेली डिस्क पडद्यावर 3.6 दिसते. यात कोणी फसविलेले नसते. परंतु लेखापरीक्षणाच्या वेळी विचारणा होण्याची शक्यता असल्यामुळे हे उत्तर आपणास आधीच ठाऊक असलेले बरे.

आता डिस्क ओळखणे. संपूर्ण प्रक्रियेत याहून महत्त्वाचा टप्पा नाही, आणि घाईत सर्वाधिक दुर्लक्ष होते तेही याच टप्प्याकडे. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे ज्या क्रमाने त्या त्याला आढळतात त्या क्रमाने देतो. हा क्रम कायम राहील अशी कोणतीही हमी नाही, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर, किंवा एखादी केबल दुसऱ्या खाचेत लावल्यावर, काल जी एसडीबी होती ती आज एसडीसी होऊ शकते. म्हणून डिस्क यंत्रात बसविण्यापूर्वीच तिच्यावर चिकटविलेल्या पट्टीवरील कंपनीचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. नंतर एलएसबीएलके ही आज्ञा द्यावी व तिला नाव, आकारमान, मॉडेल, सिरियल, फाइल सिस्टिमचा प्रकार आणि माउंटची जागा हे स्तंभ दाखविण्यास सांगावे. कागदावरील अनुक्रमांक ज्या ओळीत जुळेल तीच आपली डिस्क. आकारमानावरून ओळखण्याच्या मोहात पडू नये, कारण एकाच वेळी खरेदी केलेल्या दोन डिस्क एकाच आकाराच्या असणे अगदी स्वाभाविक आहे. त्या ओळीत फाइल सिस्टिमचा प्रकार किंवा माउंटची जागा भरलेली दिसली, तर हात आवरावा आणि ही डिस्क खरोखरच कोरी आहे काय याची चौकशी करावी. डब्ल्यूआयपीईएफएस ही आज्ञा कोणताही पर्याय न देता चालविली असता डिस्कवर आधीच्या फाइल सिस्टिमच्या खुणा असल्यास त्या केवळ दाखविते, पुसत नाही. खातरजमेसाठी तिचा उपयोग अवश्य करावा, मात्र तिला ए हा पर्याय जोडला की ती त्या खुणा पुसून टाकते, हे ध्यानात ठेवावे.

ओळख पटल्यावर पार्टिशन करावे. संपूर्ण डिस्कवर पार्टिशनशिवाय फाइल सिस्टिम मांडता येते हे खरे. तथापि उद्या दुसऱ्या कोणी ती डिस्क पाहिली तर पार्टिशनचा तक्ता नसलेली डिस्क त्यास कोरी वाटण्याचा संभव असतो, म्हणून एकच का होईना पण पार्टिशन करावे. त्याचा तक्ता जीपीटी पद्धतीचा असावा. जुनी एमबीआर पद्धत 512 बाइटच्या सेक्टरवर 2.2 टेराबाइटच्या पुढे मोजू शकत नाही, आणि उरलेली जागा असून नसल्यासारखी होते. पार्टेड या साधनात प्रथम जीपीटीचा तक्ता मांडावा, मग पहिला मेबिबाइट सोडून तेथून शंभर टक्क्यांपर्यंत एक पार्टिशन करावे. ही सुरुवातीची जागा सोडल्यामुळे पार्टिशनची सीमा डिस्कच्या अंतर्गत ठोकळ्यांशी जुळून येते आणि लेखनाचा वेग मंदावत नाही. डिस्क एसडीबी असेल तर पार्टिशन एसडीबी1 होईल, आणि येथून पुढे आपला संबंध त्या 1 लावलेल्या नावाशी आहे.

फाइल सिस्टिम कोणती निवडावी हा प्रश्न वारंवार विचारला जातो. ईएक्सटी4 लिनक्सच्या गाभ्यात 2008 च्या अखेरीस स्थिर म्हणून दाखल झाली आणि डेबियन व उबुंटू यांच्या परंपरेत ती प्रचलित आहे. एक्सएफएस सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने 1990 नंतरच्या दशकात आपल्या यंत्रांसाठी रचली, आणि 2014 च्या रेड हॅट 7 पासून त्या परंपरेत तिला प्रथम पसंती मिळाली. दोन्ही विश्वासार्ह आहेत. एक्सएफएस मोठ्या फाइली व समांतर लेखन उत्तम सांभाळते, पण एकदा मांडली की ती वाढविता येते, घटविता मात्र येत नाही. ईएक्सटी4 माउंट काढून घटविताही येते आणि तिच्या दुरुस्तीची माहिती असणारी माणसे सहज भेटतात. तालुक्याच्या ठिकाणी, जेथे पुढे कोण हे यंत्र सांभाळील हे सांगता येत नाही, तेथे मी ईएक्सटी4 सुचवीन. मात्र आपल्या कचेरीतील इतर सर्व्हर रेड हॅटच्या घराण्यातील असून त्यांवर सर्वत्र एक्सएफएस असेल, तर केवळ माझ्या पसंतीखातर एकच निराळी डिस्क करू नये.

एमकेएफएस.ईएक्सटी4 ही आज्ञा पार्टिशनचे नाव देऊन चालविली की क्षणार्धात काम होते, आणि बहुतेक लोक तेथेच थांबतात. परंतु स्कॅनच्या प्रतिमांसाठी दोन गोष्टी जाणीवपूर्वक ठरविणे हिताचे आहे. पहिली आयनोडची. प्रत्येक फाइलीची नोंद एका आयनोडमध्ये राहते, आणि ईएक्सटी4 मध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच कायमची ठरते. काही न सांगितल्यास दर 16 किलोबाइट जागेमागे एक याप्रमाणे ते आखले जातात. 4 टेराबाइटच्या डिस्कवर अशा आयनोडांची संख्या 24 कोटींच्या वर जाते, आणि प्रत्येकी 256 बाइट याप्रमाणे त्यांची कोष्टकेच 62 गिगाबाइट व्यापतात. ज्या डिस्कवर 26 मेगाबाइटच्या दीडएक लाख प्रतिमांपेक्षा अधिक काही मावणारच नाही, तिच्यावर चोवीस कोटी नोंदींची तजवीज करणे व्यर्थ होय. टी हा मोठ्या अक्षरातील पर्याय देऊन त्यापुढे लार्जफाइल हा शब्द लिहिला की दर मेबिबाइटमागे एक आयनोड आखला जातो; तरीही सुमारे 38 लाख फाइलींची सोय राहते आणि कोष्टके एका गिगाबाइटच्या आसपास आटोपतात. त्याच डिस्कवर प्रतिमांच्या छोट्या प्रतिकृती धरून याहून अधिक फाइली ठेवण्याचा बेत असेल तर मात्र हा पर्याय वापरू नये. दुसरी गोष्ट राखीव जागेची. ईएक्सटी4 एकूण जागेचा 5 टक्के भाग रूटसाठी राखून ठेवते. ज्या डिस्कवर यंत्राची कार्यप्रणाली आहे तेथे हे शहाणपणाचे आहे, कारण डिस्क भरली तरी रूटला आत शिरून सफाई करता यावी. परंतु केवळ दस्तऐवजांच्या 4 टेराबाइटवर ही राखीव जागा 200 गिगाबाइट, म्हणजे सात हजारांहून अधिक पानांची होते. एम हा लहान अक्षरातील पर्याय देऊन ती 1 टक्क्यावर आणावी. हे नंतरही ट्यून2एफएस या साधनाने बदलता येते.

एमकेएफएसने मध्येच थांबून ‘येथे आधीची फाइल सिस्टिम आढळते, पुढे जाऊ काय’ असे विचारले, किंवा एक्सएफएसच्या साधनाने एफ या सक्तीच्या पर्यायाशिवाय काम करण्यास नकार दिला, तर तो अडथळा समजून सक्ती करू नये. कोऱ्या डिस्कवर हा प्रश्न येत नाही. तो आला याचा अर्थ आपण अनुक्रमांकाच्या टप्प्यावर परत गेले पाहिजे.

फाइल सिस्टिमला लेबल देण्याची सोय आहे आणि ती वापरावी, कारण पाच वर्षांनी डिस्क एकटीच एखाद्या कपाटात सापडली तर तिच्यात काय आहे हे लेबल सांगते. आपल्याकडे साहजिकच ते मराठीत लिहावेसे वाटते, आणि लिहिताही येते. पण ईएक्सटी4 लेबलाला 16 बाइट देते व एक्सएफएस 12, आणि युटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, शिवाय काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. म्हणून ‘बीड’ किंवा ‘केज’ 9 बाइटांत बसते, ‘परळी’ नेमके 12 बाइटांत एक्सएफएसमध्येही मावते, ‘धारूर’, ‘आष्टी’ व ‘वडवणी’ 15 बाइटांत फक्त ईएक्सटी4 मध्ये मावतात, आणि ‘गेवराई’, ‘पाटोदा’, ‘माजलगाव’ व ‘अंबाजोगाई’ दोहींतही मावत नाहीत. अशीच बाइटांची मर्यादा फाइलींच्या नावांनाही आहे. दोन्ही फाइल सिस्टिमांत एका नावाला 255 बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीची 85 चिन्हे. ‘मौजे’पासून सुरुवात करून गाव, तालुका, गट, धारकाचे संपूर्ण नाव व दस्ताचा प्रकार असे सारे नावातच लिहू पाहणाऱ्या कारकुनाची फाइल एखाद्या दिवशी ‘नाव फार लांब’ म्हणून नाकारली जाते, ती यामुळे. फाइलीला तालुका, गाव आणि क्रमांक यांचे आखूड सांकेतिक नाव द्यावे, आणि धारकाचे नाव, फसली सन इत्यादी तपशील वेगळ्या सूचीत मराठीत सविस्तर लिहावा. फसली सन अंकांतच लिहावा व त्याचा इसवी सन सूचीत शेजारी नोंदवावा; हैदराबादी फसलीत साधारण 590 मिळविले की इसवी सन येतो, पण हे गणित वाचकाच्या स्मरणावर सोडू नये.

आता माउंटची जागा. एसआरव्ही या डिरेक्टरीखाली ‘दफ्तर’ नावाची रिकामी डिरेक्टरी करावी, असे धरून चालू. रिकामी हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण ज्या डिरेक्टरीत आधीच काही फाइली आहेत तिच्यावर माउंट केले तर त्या फाइली नष्ट होत नाहीत, परंतु दिसेनाशा होतात, आणि अनभिज्ञ माणसास त्या गेल्याच असे वाटते. प्रथम माउंट ही आज्ञा हाताने देऊन नवी डिस्क जोडावी, डीएफ या आज्ञेने तिचे आकारमान अपेक्षेप्रमाणे दिसते का ते पाहावे, आणि मग, जोडल्यानंतरच, मालकी व परवानग्या ठरवाव्यात. जोडण्यापूर्वी दिलेली मालकी खालच्या रिकाम्या डिरेक्टरीला लागते. नवी फाइल सिस्टिम मात्र रूटच्या ताब्यात राहते, आणि स्कॅन करणारा कर्मचारी ‘परवानगी नाही’ म्हणून तक्रार करीत बसतो. स्कॅन विभागासाठी एक स्वतंत्र गट करून त्याला लेखनाचा अधिकार द्यावा. सर्वांना सर्व अधिकार देणारी तीन सातांची परवानगी मूळ दस्ताच्या डिस्कवर कधीही देऊ नये.

हाताने केलेले माउंट यंत्र बंद होताच सुटते. ते कायम करण्यासाठी ईटीसी डिरेक्टरीतील एफएसटॅब या फाइलीत एक ओळ लिहावी लागते, आणि ही ओळ म्हणजे या सर्व कामाचा दस्त आहे असे समजून ती लिहावी. संपादन करण्यापूर्वी मूळ एफएसटॅबची प्रत तारखेसह काढून ठेवावी. ओळीत सहा रकाने असतात. पहिल्यात डिस्कची ओळख: येथे एसडीबी1 लिहू नये, कारण ते नाव बदलू शकते हे वर सांगितलेच आहे, बीएलकेआयडी ही आज्ञा प्रत्येक फाइल सिस्टिमचा 36 अक्षरांचा यूयूआयडी दाखविते, तो फॉरमॅट करताना जन्मास येतो आणि डिस्क कोणत्याही खाचेत लावली तरी तोच राहतो, म्हणून तो लिहावा, व हाताने न टंकता नक्कल करून चिकटवावा. दुसऱ्या रकान्यात माउंटची जागा, तिसऱ्यात फाइल सिस्टिमचा प्रकार, चौथ्यात पर्याय, पाचव्यात शून्य. सहाव्या रकान्यात यंत्र सुरू होताना तपासणीचा क्रम येतो: मूळ फाइल सिस्टिमला 1, आपल्या ईएक्सटी4 ला 2, आणि एक्सएफएस असेल तर 0.

चौथ्या रकान्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. डिफॉल्ट्स हा शब्द तेथे असतोच. त्याच्या जोडीला नोडेव्ह, नोसुइड व नोएक्झेक हे तीन पर्याय द्यावेत, म्हणजे प्रतिमांच्या डिस्कवर येऊन पडलेली एखादी फाइल प्रोग्राम म्हणून चालविता येणार नाही. आणि नोफेल हा पर्याय द्यावा. तो नसेल, आणि एखाद्या दिवशी ही डिस्क बिघडली किंवा तिची केबल सैल झाली, तर सिस्टिमडीवर चालणारे यंत्र सुरू होताना साधारण 90 सेकंद तिची वाट पाहते आणि नंतर आपत्कालीन अवस्थेत जाऊन थांबते. मग दूरवरून जोडता येत नाही, कोणीतरी प्रत्यक्ष यंत्रापाशी जाऊन कळफलक लावावा लागतो, आणि तोवर त्या सर्व्हरवरील इतर सर्व कामेही खोळंबतात. नोफेल असेल तर यंत्र त्या डिस्कवाचून सुरू होते.

पण नोफेलमुळे दुसरा एक धोका उत्पन्न होतो, आणि तो अधिक सूक्ष्म असल्यामुळे अनुभवी माणसांच्याही ध्यानातून सुटतो. डिस्क जोडली गेली नाही, यंत्र मात्र सुरू झाले; स्कॅन करणारा कर्मचारी सकाळी येऊन नेहमीप्रमाणे ‘दफ्तर’ या डिरेक्टरीत प्रतिमा टाकू लागतो. ती डिरेक्टरी दिसते, आणि खालच्या डिरेक्टरीवरही त्याला लेखनाचा अधिकार असेल, किंवा प्रतिमा रूटच्या अधिकाराने लिहिल्या जात असतील, तर कसलीच त्रुटी येत नाही, आणि त्या प्रतिमा नव्या डिस्कवर न जाता खालच्या मूळ डिस्कवर साठत राहतात, जोवर ती तुडुंब भरून सर्व्हर बंद पडत नाही तोवर. पुढे कोणी नवी डिस्क पुन्हा जोडली की त्या दिवसांच्या प्रतिमा तिच्याखाली झाकल्या जातात आणि काम वाया गेले असा समज होतो. यावर उपाय सोपा आहे. डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीला सीएचएटीटीआर या आज्ञेने अधिक आय ही खूण द्यावी. मूळ डिस्क ईएक्सटी4 वा एक्सएफएस असल्यास ती लागू पडते, आणि मग त्या डिरेक्टरीत रूटलाही नवी फाइल करता येत नाही. नवी डिस्क तिच्यावर माउंट होण्यास या खुणेची हरकत नसते, आणि माउंट झाल्यावर लेखन पूर्ववत चालते. डिस्क नसेल तेव्हा मात्र पहिल्याच प्रतिमेला नकार मिळतो व बिघाड त्याच क्षणी उघडकीस येतो.

एफएसटॅबची ओळ लिहून झाली की यंत्र लगेच बंद-चालू करून पाहू नये. प्रथम फाइंडएमएनटी या आज्ञेला व्हेरिफाय हा पर्याय देऊन ओळीतील चुका तपासाव्यात. सिस्टिमसीटीएलला डेमन-रीलोड करण्यास सांगावे. हाताने जोडलेली डिस्क यूमाउंट या आज्ञेने सोडवावी, जिच्या रोमन स्पेलिंगमध्ये यू नंतर एन नाही. आणि मग माउंटला ए हा पर्याय देऊन एफएसटॅबमधील सर्व ओळी एकदम अमलात आणाव्यात. यूमाउंटने ‘जागा वापरात आहे’ असे म्हटले, तर बहुधा आपण स्वतःच त्या डिरेक्टरीत उभे असतो. तसे नसेल तर एफयूझर किंवा एलएसओएफ या आज्ञा कोणती प्रक्रिया अडवून बसली आहे ते सांगतात. रेड हॅटच्या घराण्यात एसईलिनक्स चालू असेल तर माउंट झाल्यावर रिस्टोरकॉनही चालवावे. हे सारे निर्विघ्न झाल्यावरच, आणि यंत्राजवळ माणूस बसलेला असताना, यंत्र एकदा पुन्हा सुरू करून पाहावे.

आपल्या भागात विजेचा विचार टाळता येत नाही. ज्या जिल्ह्यात परळीचे औष्णिक विद्युत केंद्र आहे तेथेही उन्हाळ्याच्या दुपारी व वळवाच्या वाऱ्यात वीज जाते. ईएक्सटी4 व एक्सएफएस या दोन्ही फाइल सिस्टिम जर्नल ठेवतात, म्हणजे रचनेतील बदल आधी एका रोजनाम्यात लिहून मग प्रत्यक्ष करतात, त्यामुळे वीज अकस्मात गेली तरी पुढच्या वेळी रचना सावरते. परंतु जर्नल रचनेला वाचविते, मजकुराला नव्हे. ईएक्सटी4 सामान्यतः दर 5 सेकंदांनी आपली नोंद डिस्कवर पक्की करते, आणि त्या अवधीत लिहिली जाणारी प्रतिमा अर्धवट राहू शकते. म्हणून यूपीएस हवाच, तो सर्व्हरला केबलने जोडून बॅटरी उतरू लागताच यंत्र स्वतःहून व्यवस्थित बंद होईल अशी रचना हवी, आणि प्रत्येक दिवसाच्या अखेरीस त्या दिवसाच्या प्रतिमांचे शा-256 ठसे काढून सूचीत नोंदवावेत. ठसा म्हणजे फाइलीतील प्रत्येक बिटावरून काढलेला एक आकडा. पुढे कधीही तो पुन्हा काढून जुळविला की प्रतिमा जशीच्या तशी आहे की नाही हे निर्विवाद कळते, आणि पुराव्याच्या कागदाबाबत हे कळणे किती मोलाचे आहे हे सांगणे नको.

अखेर एक गोष्ट, जिच्याविना वरील सर्व खटाटोप अपुरा आहे. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आजही जपून ठेवलेली आहे. 1615 साली निवर्तलेल्या त्या पुरुषाने पंचीकरण हा ग्रंथ कापडावर लिहिला आणि ते कापड चारशे वर्षांहून अधिक काळ टिकले. चुंबकीय डिस्क तशी टिकत नाही. पाचसात वर्षे अखंड चाललेली डिस्क बिघडली तर त्यात आश्चर्य काहीच नाही, आणि कागदाप्रमाणे तिचा अर्धा भाग तरी वाचता येईल अशी आशाही नसते. एका सर्व्हरमधील दोन डिस्क एकमेकींच्या प्रतिबिंब म्हणून ठेवल्या तर एक बिघडल्यावर दुसरी चालते. पण चुकीची आज्ञा दोन्हींवर एकाच वेळी अमलात येते, म्हणून त्यास सुरक्षित प्रत म्हणता येत नाही. खरी दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि शक्य तर वेगळ्या इमारतीत असावी: बीडची अंबाजोगाईस, माजलगावची बीडला, असा परस्परांचा सामंजस्याचा करार दोन महाविद्यालयांना वा दोन ग्रंथालयांना सहज करता येईल, आणि त्याला खर्च फक्त एका डिस्कचा व आरसिंकच्या एका आज्ञेचा आहे. त्या दुसऱ्या प्रतीतून दर सहामाहीस काही फाइली उघडून व त्यांचे ठसे जुळवून पाहावेत.

डिस्कचा अनुक्रमांक, यूयूआयडी, एफएसटॅबमधील ओळ, फॉरमॅट करताना दिलेले पर्याय आणि जोडल्याची तारीख एवढे पाच तपशील कागदावर छापून कचेरीच्या जडसंग्रह नोंदवहीत त्या डिस्कच्या नोंदीशेजारी चिकटवावेत, व त्याखाली सही करावी. आपली बदली होईल, सर्व्हरही बदलेल. त्या खुर्चीवर आपल्यानंतर येणाऱ्या माणसास ती डिस्क कोणती आणि तिच्यात काय आहे हे विचारावयाला कोणी नसेल, तेव्हा हे काम आज संध्याकाळी कचेरी सुटण्यापूर्वीच करावे, एवढी विनंती आहे.